बसणे आणि जुळणे

पत्रिका जुळविण्याच्या शास्त्रावर विश्वास असो वा नसो, त्याच्या हिशेबातील एक खुबी मान्य करावीच लागते. वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन असे चढत चढत नाडीचे आठ, मिळून छत्तीस गुण. पैकी अठरा जमले की वडीलधारी मंडळी सुटकेचा श्वास टाकतात. परंतु दोघांची नाडी एक निघाली की जोशीबुवा चष्मा कपाळावर सरकवितात, आणि बाकीचे अठ्ठावीस गुण पदरात असूनही बोलणी थबकतात. म्हणजे काही उणिवा अशा, की त्या दुसऱ्या बाजूच्या गुणांनी भरून निघतात. आणि एखादी अशी, की तिच्यापुढे बाकीचा सारा जमाखर्च व्यर्थ. आमच्या वकिली व्यवसायात मुदतीच्या कायद्याचे असेच आहे. कागद चोख, साक्षीदार सरळ, पक्षकार सज्जन. पण दावा मुदतीबाहेर असला की न्यायासनापुढे त्या सज्जनपणाचा काडीइतका उपयोग नाही.

हे सारे मनात येण्याचे कारण मात्र अगदी आधुनिक आहे. आमच्या निपाणीच्या भाच्याने २०२५ च्या दिवाळीत घरच्या घरी संगणक जोडण्याचे मनावर घेतले; आणि तोही, स्पष्टच सांगावयाचे तर, खेळ खेळण्याचा संगणक. मुंजीत भिक्षावळीला पडलेले पैसे त्याच्या आईने पोस्टात ठेवले होते. त्यांवर चढलेले व्याज, गणपतीच्या दिवसांत मित्राच्या मंडप-विद्युतरोषणाईच्या धंद्यात केलेल्या कामाचा मोबदला, आणि आजीने गुपचूप हातावर ठेवलेली रक्कम मिळून पंचाहत्तर हजारांची पुंजी झाली होती. आजीने पैसे दिले खरे, पण एवढी सगळी रक्कम कशासाठी हे कळल्यावर त्या माउलीने कपाळावर हात मारून घेतला. ‘इतले दुडू खेळपाक?’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या कोकणी बोलतात तेव्हा विषय गंभीर असतो, हे त्या घरी सर्वांना ठाऊक आहे.

आमचे दाजी शेतीपंपांचे दुकान चालवितात. आजोबांच्या वेळची तंबाखूची वखार मोडून त्याच जागेत वडिलांनी हे दुकान थाटले. दाजी मितभाषी. मुलगा बारावीनंतर यंत्रशाखेकडे न जाता निपाणीतच वाणिज्य शिकू लागला, तेव्हापासून बापलेकांत कामापुरतेच बोलणे उरले होते. त्यांत हे नवे प्रकरण. अखेर दाजींनी आम्हांला बेळगावास फोन केला : ‘तुम्ही मामा आहात, शिवाय वकील आहात. येऊन त्याला चार शब्द सांगा. तयार संगणक मिळतात, ते का नकोत ते विचारा. आणि पैसे बुडतात की काय तेवढे पाहा.’ पाऊणशे किलोमीटरचा प्रवास करून एका रविवारी आम्ही पंच म्हणून निपाणीस दाखल झालो.

भाच्याने आमच्यापुढे एक वही ठेवली. मामाला जिंकायचे तर भाषणाने नव्हे, कागदाने, हे त्याने ओळखले असावे. वहीत डाव्या हाताला भागांची नावे, मध्ये किमती, आणि उजव्या हाताला एक रकाना, ज्याचे शीर्षक होते ‘कोणाशी जुळले पाहिजे’. प्रोसेसर मदरबोर्डशी, मदरबोर्ड रॅमशी आणि कॅबिनेटशी, ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डशी, कॅबिनेटशी व वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसशी, आणि थंडाव्याचा पंखा जवळजवळ सर्वांशी. एखाद्या एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यात वंशावळ लावावी तशी ती वही होती. आणि वंशावळीप्रमाणेच तिच्यातही एका चुकीच्या नात्याने सारा दावा कोसळला असता.

विषय आम्हांला अपरिचित. म्हणून आम्ही तो साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसा समजून घेतला. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू. तो मदरबोर्डावरील ज्या चौकोनी घरात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. एएमडी या कंपनीच्या २०१७ साली आलेल्या रायझन प्रोसेसरांचे घर एएम-४, आणि २०२२ पासूनचे घर एएम-५. पहिल्यात प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ सुया असतात; दुसऱ्यात सुया प्रोसेसरवर नसून संपर्कबिंदू मदरबोर्डाच्या घरात असतात. येथे एकाचा दुसऱ्याशी संबंध जुळण्याची शक्यताच नाही. ही झाली उघड नाडी. यात फसण्याचे भय नाही. कारण जे बसतच नाही ते घेऊन कोण घरी जाईल?

‘भय जे बसते त्याचे आहे, मामा,’ भाचा म्हणाला. आणि त्याने इंटेल कंपनीचे उदाहरण सांगितले. २०१५ साली या कंपनीने ११५१ संपर्कबिंदूंचे एक सॉकेट काढले. २०१७ मध्ये प्रोसेसरांची पुढची पिढी आली. बिंदू तेवढेच, आकार तोच, नावही जवळपास तेच. जुन्या मदरबोर्डात नवा प्रोसेसर ठेवावा तर तो अलगद बसे. परंतु वीज देण्याची वाटणी आतून बदललेली असल्यामुळे यंत्र काही सुरू होत नसे. बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे. हे वाक्य त्या दिवशी आमच्या ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने, स्वयंपाकघरातून अधिक सोपे करून दिले. ‘प्रेस्टिजची रिंग हॉकिन्सच्या कुकरला लावून पाहा म्हणजे कळेल,’ ती म्हणाली, ‘दिसायला सारखीच गोल.’

या क्षेत्रात ‘जुळणारा’ या शब्दाला जन्म कायद्याने दिला आहे, हे आम्हांला त्यानंतर केलेल्या वाचनात समजले. आणि वकिलाला याहून आनंद देणारी गोष्ट कोणती असणार! १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या बलाढ्य अमेरिकन कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणण्याची घोषणा केली. घाईमुळे तिने बहुतेक भाग बाहेरून घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. खास स्वतःचे म्हणावे असे एकच : यंत्र सुरू होताना प्रथम जागी होणारी बायॉस नावाची लहानशी आज्ञावली. तीही तिने तांत्रिक पुस्तिकेत ओळीनओळ छापून टाकली. उदारपणा तर होताच, पण त्यात एक चतुराईही होती. कारण छापलेल्या मजकुरावर लेखनाधिकार लागू होतो. ज्याने ती वाचून तशीच लिहिली तो कायद्याच्या कचाट्यात सापडला. ईगल आणि कोरोना या दोन कंपन्यांना १९८४ मध्ये आयबीएमच्या फिर्यादींपुढे नमते घ्यावे लागले.

त्याच सुमारास ह्यूस्टन येथे १९८२ साली निघालेल्या कॉम्पॅक कंपनीने मात्र सोवळ्यातला मार्ग काढला. ‘सोवळ्यातला’ हा शब्द आम्ही थट्टेने वापरलेला नाही. तिने माणसांचे दोन गट केले. पहिल्याने आयबीएमची आज्ञावली वाचावयाची आणि ती काय काय करते एवढेच लिहून द्यावयाचे. दुसऱ्या गटात मूळ मजकुरावर कधी दृष्टीही न पडलेली माणसे, आणि त्यांनी त्या वर्णनावरून नवी आज्ञावली रचावयाची. ज्याने वाचले त्याने लिहावयाचे नाही, ज्याने लिहावयाचे त्याने शिवावयाचे नाही. शब्दांवर मालकी असते, शब्दांनी साधल्या जाणाऱ्या कार्यावर नसते, या तत्त्वाचा इतका चोख उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आपला यंत्रसंच जाहीर केला, आणि तो आयबीएमच्या यंत्रावरचे काम जसेच्या तसे करू शकत होता. त्या दिवसापासून संगणक ही एका घराण्याची मिरास उरली नाही. कोणाचाही भाग कोणाच्याही भागाशी जोडता येण्याची जी मुभा आज निपाणीच्या एका मुलाला मिळते, तिचे मूळ त्या सोवळ्याओवळ्यात आहे.

आणि जोडणे हे काही उसन्यापासन्याचे हलके काम आहे असे आपल्याकडील लोकांनी तरी मानू नये. अमेरिकेने महासंगणक देण्यात आडकाठी घातली तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे पहिले संचालक डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. त्यांच्या मंडळींनी इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे बाजारात मिळणारे ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर एकमेकांशी जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. चिप परक्या; जुळणी आपली.

असो. निपाणीकडे वळू. पेच निराळाच होता. पुण्याच्या चुलतभावाने आपला संगणक बदलला, तेव्हा जुन्या यंत्रातील आठ-आठ जीबीच्या दोन रॅमपट्ट्या कागदात गुंडाळून भाच्याला पाठवून दिल्या होत्या. थोरल्या भावाची भेट, नाकारावी कशी? पट्ट्या डीडीआर-४ जातीच्या. नवे घर जे एएम-५, ते फक्त डीडीआर-५ स्वीकारते. दोन्ही जातींच्या पट्ट्यांना संपर्कबिंदू २८८च. पण मधली खाच जराशी सरकलेली, म्हणून एकीच्या जागी दुसरी जात नाही. (ही खाच ज्याने ठेवली त्याचे आम्हांला कौतुक वाटते. जे जुळत नाही ते बसूच नये, अशी तजवीज करणारा कारागीर थोर.) मग भेट बाजूला ठेवून नव्या पट्ट्या घ्याव्यात, तर २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकलेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी स्मृतीच्या चिपा एवढ्या उचलल्या, की जगभरच्या घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला टंचाई आली. दिवाळीपूर्वी त्याने वहीत लिहिलेला आकडा महिन्याभरात खोडून दोनदा नव्याने लिहावा लागला होता. ती खाडाखोड आम्ही पाहिली.

दोन मार्ग होते. एक, नव्या घराचा : महाग रॅम घ्यावी, ग्राफिक्स कार्ड हलके घ्यावे, आणि पुढे तीनचार वर्षांनी त्याच मदरबोर्डात वरचा प्रोसेसर बसवावा, कारण एएम-५ हे घर २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालविण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. दुसरा, जुन्या घराचा : भावाच्या पट्ट्या वापराव्यात, एएम-४ चा मदरबोर्ड घ्यावा, वाचलेले पैसे चांगल्या कार्डात घालावेत; मात्र या वाटेला पुढे फारसा रस्ता नाही हे जाणून. पहिल्यात भविष्याची सोय, दुसऱ्यात वर्तमानाची. आमचा कल प्रथम पहिल्याकडे होता. घर बांधताना वरच्या मजल्याचा पाया आधीच घालावा, हे आमच्या पिढीचे शिक्षण. भाच्याने शांतपणे विचारले, ‘मामा, वरचा मजला चढवायला पैसे लागतील तेव्हा मी कुठे असेन? नोकरीला पुण्याला किंवा बंगळुरास. मग यंत्र तरी निपाणीत राहील का?’ याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. सीमाभागातील कोणत्या घराजवळ आहे?

त्याने दुसरा मार्ग धरला. आता खरी बारीक अक्षरे वाचावयाची वेळ आली. दुकानाच्या यादीत रायझनचे दोन प्रोसेसर शेजारीशेजारी होते : ५५०० आणि ५६००. दोघांनाही सहा गाभे, दोघांचेही घर एएम-४, किमतीत फरक बेताचाच. कोणीही म्हणेल, स्वस्त तो घ्या. परंतु ग्राफिक्स कार्ड ज्या मार्गाने प्रोसेसरशी बोलते त्या मार्गाची पिढी ५५०० मध्ये तिसरी आहे आणि ५६०० मध्ये चौथी. चौथीचा वेग तिसरीच्या दुप्पट. मदरबोर्डांतही तोच भेद : बी-४५० तिसऱ्या पिढीचा, बी-५५० चौथ्या. एरवी हा फरक दुर्लक्षून चालले असते. पण भाच्याने निवडलेले आरटीएक्स ५०६० हे कार्ड सोळा मार्गिकांच्या जागेत बसते खरे, वापरते मात्र आठच. सहापदरी रस्त्यावर गाडी थोडी हळू चालली तर खोळंबा होत नाही. तवंदीच्या घाटात एकच पदर चालू असला की होतो. म्हणून ५६०० आणि बी-५५०. यात एक कलम आणखी होते : ५६०० मध्ये स्वतःची चित्रशक्ती नाही, कार्ड बिघडले तर पडदा काळा. जाणूनबुजून पत्करलेला धोका म्हणून त्याने तो वहीत लाल शाईने लिहिला होता. एवढ्यात आमचा पंचाचा आव बराच उतरला होता. लाल शाईची सवय आमच्या कित्येक पक्षकारांना असती तर आम्हांला निम्मे काम राहिले नसते.

कॅबिनेटचे मोजमाप आम्ही थोडक्यात आटोपतो. मदरबोर्डाच्या मूळ एटीएक्स मापाचा नियम १९९५ साली इंटेलने घातला, ३०५ बाय २४४ मिलिमीटर. धाकटे माप २४४ चा चौरस. पंख्याची उंची, कार्डाची लांबी हे पट्टीने मोजण्याचे विषय आहेत, आणि जे पट्टीने मोजता येते त्याचे भांडण फार काळ टिकत नाही.

वीज मात्र पट्टीने मोजता येत नाही. येथे आम्हांला या साऱ्या विषयातील सर्वांत धोक्याची गोष्ट कळली. एसएमपीएस म्हणजे घरची वीज यंत्राला पचेल अशी करून देणारी पेटी. काही पेट्यांच्या वायरी सुट्या निघतात. प्रोसेसरला वीज देणारी आठ टोकांची जोडणी वेगळी आणि कार्डाला देणारी आठ टोकांचीच पण वेगळी. त्यांच्या कडा निराळ्या घडविलेल्या असल्याने सहसा घोटाळा होत नाही. परंतु त्याच वायरींचे पेटीकडचे टोक प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने रचते, आणि त्याला कोणताही सर्वमान्य नियम नाही. एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या पेटीत अलगद बसते. फक्त जेथे पाच व्होल्ट जावेत तेथे बारा जातात. डिस्क जळते. ना ठिणगी, ना आवाज. ज्याने पुण्याहून पट्ट्या पाठविल्या त्याच भावाने आपुलकीने जुन्या पेटीच्या वायरीही पाठविल्या होत्या. भाच्याने त्या गाठ मारून वेगळ्या ठेवल्या होत्या आणि वर चिठ्ठी लावली होती : ‘वापरू नये. बसतात.’

ती चिठ्ठी वाचून आमच्यातील वकील जागा झाला. समजा, कोणी त्या वायरी वापरल्या आणि डिस्क जळाली, तर प्रतिवादी कोण? पेटी निर्दोष आहे. वायर निर्दोष आहे. डिस्क तर जळेपर्यंत निर्दोष होतीच. प्रत्येक विक्रेता शपथेवर सांगेल की मी विकलेली वस्तू चोख होती, आणि प्रत्येक जण खरेच बोलेल. दोष सांध्यात आहे, आणि सांधा कोणी विकलेला नाही. तयार संगणक घेणाऱ्याला एक विक्रेता, एक पावती, एक हमी असते. आतल्या भागांचे भांडण त्याचे नसते. स्वतः जोडणाऱ्याजवळ आठ पावत्या आणि आठ हमीपत्रे असतात, पण त्या आठांमधील जागेची हमी देणारा तो स्वतःच. दाजींचा ‘पैसे बुडतात की काय’ हा प्रश्न वाटला तितका भाबडा नव्हता.

यावर कायद्यात तोड नाही असे नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम असे आहे की, गिऱ्हाइकाने आपला हेतू विक्रेत्याला कळविला आणि त्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवली, तर माल त्या हेतूला योग्य असला पाहिजे अशी अट न बोलता करारात येते. मात्र त्याच कलमाला एक शेपूट आहे : वस्तू तिच्या व्यापारी नावाने नेमकी मागून घेतली, तर ही अट लागू नाही. आणि संगणकाचे भाग तर मागविले जातात ते नावाने, आकड्याने, शेवटच्या अक्षरासकट! जो मुलगा अधिक अभ्यास करून नेमके नाव सांगतो त्याचे संरक्षण कमी, आणि जो ‘काहीही द्या, पण चालले पाहिजे’ म्हणतो त्याचे अधिक. ज्ञानाला कायद्याने लावलेला हा कर आम्हांला कधीच रुचलेला नाही. पण कलम आहे ते आहे.

सबब आम्ही पंचनिवाडा दिला तो असा. भाग भाच्याने निवडावेत, परंतु प्रोसेसर, मदरबोर्ड, कार्ड आणि वीजपेटी एकाच दुकानातून घ्यावी. ‘हे चार भाग एकत्र जोडून वापरण्यासाठी, सोबत गिऱ्हाइकाच्या जुन्या डीडीआर-४ पट्ट्या’ असे वाक्य कोटेशनवर लिहून घ्यावे. आणि प्रत्येक खोक्यावरील अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे. दूरच्या शहरातून मागविले आणि तंटा झाला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो, हेही सांगितले. मात्र सांध्याच्या प्रश्नावर आयोगाचाही फारसा इलाज नाही, हेही.

खरेदी कोठे करावी यावर थोडी चर्चा झाली. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. बंगळूर साडेपाचशेहून अधिक. पण बंगळुराहून माल घेतला तर तो राज्यांतर्गत, पावतीवर नऊ आणि नऊ टक्के असे दोन कर. कोल्हापूरच्या दुकानदाराने पावतीवर निपाणीचा पत्ता घातला तर तोच आंतरराज्य व्यवहार, एकच अठरा टक्के. बेरीज एकच. जवळचे परके आणि दूरचे आपले, हा अनुभव येथील माणसाला १९५६ पासून आहे. आता तो पावतीवरही छापून येतो एवढेच. शेवटी बेळगावातले दुकान ठरले. दुकानदार कन्नडभाषक, सौजन्यशील गृहस्थ. ते वाक्य लिहून देण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. यादीवर बोट फिरवीत ‘होंदाणिके सरी आहे’ असे अर्धे कन्नड अर्धे मराठी बोलले. होंदाणिके हा त्यांचा शब्द सासूसुनेच्या जमण्यालाही चालतो आणि सुट्या भागांच्या जुळण्यालाही. मराठीत आम्ही त्याला ‘मेळ’ म्हणू. पण होंदाणिकेत दोन्ही बाजूंनी थोडे सरकून घेण्याचा जो भाव आहे तो मेळात पुरता उतरत नाही.

सगळे भाग घरी आले, आणि दाजींनी प्रथमच वही मागून घेतली. आम्ही समोर होतो, म्हणून पाहिलेले सांगतो. ते बराच वेळ वाचीत बसले. मग त्यांनी वीजपेटीच्या ओळीवर बोट ठेवले. ‘साडेपाचशे वॉट कसे धरलेस?’ भाचा म्हणाला, ‘कार्ड १४५, प्रोसेसर ६५, तो जोरात असताना थोडे अधिक, बाकी किरकोळ. कार्डवाल्यांचीच शिफारस साडेपाचशेची आहे.’ दाजी म्हणाले, ‘म्हणजे सुरू होताना झटका अधिक घेते. मोटरीसारखेच.’ जन्मभर त्यांनी हेच केले आहे : विहिरीची खोली किती, पाइप किती इंची, मोटर किती अश्वशक्तीची, वायर किती जाडीची, आणि यांतले एक चुकले तर दुसऱ्या कशानेही ते भरून निघत नाही. मुलाची वही त्यांना परक्या भाषेतली वाटली होती. आतली लिपी त्यांच्याच दुकानाची निघाली.

‘आणि अर्थिंग?’ त्यांनी विचारले.

वहीत अर्थिंग नव्हते. ‘कोणाशी जुळले पाहिजे’ या रकान्यात सर्व काही होते, पण ज्या घराच्या भिंतीत ते यंत्र लावावयाचे ते घर नव्हते. वखारीच्या काळच्या त्या वाड्याच्या मागच्या खोलीत तीन छिद्रांचे सॉकेट होते खरे, पण तिसऱ्या छिद्रामागे वायरच नव्हती. म्हणजे तेही बसत होते, जुळत नव्हते. दाजींनी तपासणीचा दिवा लावून ते मुलाला दाखविले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी परसात खड्डा खणला गेला. तांब्याची पट्टी, भोवती थरावर थर कोळसा आणि जाडे मीठ, वर पाणी. मीठ आजींनी कोठीतून काढून दिले. दाजी वरून सांगत होते आणि भाचा खड्ड्यात उभा राहून थर दाबीत होता. दीड वर्षात त्या दोघांना एवढा वेळ एकत्र आम्ही पाहिले नव्हते.

जोडणी त्याच संध्याकाळी झाली. प्रोसेसरच्या कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण मदरबोर्डावरील त्रिकोणाशी जुळवून त्याने तो नुसता ठेवला. दाबावयाचा नसतो, म्हणाला. भावाच्या पट्ट्या चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या घरात गेल्या. पडद्याची वायर मदरबोर्डाला न लावता कार्डाला लावली. कळ दाबल्यावर पंखे फिरले, पडदा काही क्षण काळाच राहिला, आणि मग अक्षरे उमटली. दाजी जवळ गेले आणि चष्मा नाकावर घेऊन त्यांनी प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहिला. रॅमपाशी थांबले. ‘पट्टीवर ३२०० लिहिलेय. येथे २१३३ दाखवितो.’

‘पहिल्यांदा सुरक्षित वेगानेच चालतात, बाबा. आत जाऊन पूर्ण वेगाची परवानगी द्यावी लागते.’

‘स्टार्टरची सेटिंग,’ दाजी म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. ‘दाखव, कुठे देतात ती.’